हरणीचा खालचा ओठ

प्रेमलाला दुपारी झोप लागली की मी तिच्या नाकाखाली बोट धरते. ती आता साडेचार वर्षांची आहे, चिडते. तरी धरते.

बेंबळीला गेलो तेव्हा ती सात महिन्यांची होती. हे जनावरांचे डॉक्टर. लोक सलोतरीसाहेब म्हणत. उस्मानाबादहून दौऱ्यावर निघाले की टिपणं उतरवायला मला बरोबर नेत. कॉलेजातल्या शिक्षणाचा तेवढाच उपयोग. त्या खेपेला मुक्काम शिवलिंगप्पांकडे होता. त्यांच्या हरणी नावाच्या घोडीच्या डोळ्यात, आतल्या पापणीवर, गाठ झाली होती. घोडी गाभण, म्हणून आडवी पाडायची नव्हती. गुंगी देऊन उभ्यानंच गाठ कापायची होती.

प्रेमलाला दात येत होते. दोन दिवस तिनं घर डोक्यावर घेतलं होतं. त्या सकाळी शिवलिंगप्पांच्या आई, नागम्मा, तिला न्हाऊ घालायला घेऊन गेल्या आणि परत आणली ती गाढ झोपलेली.

"हातगुण हाय माझा," त्या म्हणाल्या. "शिकल्याल्या आया लेकराला बुकं वाचून दाखवतेत. कसं निजावं त्यानं?"

मी हसले. खरं तर हायसं वाटलं. तिला मांडीवर घेऊन ओसरीवर बसले, वही उघडली.

"रात्रीपासून घोडीच्या पोटात काही गेलं?" यांनी विचारलं.

"न्हाय साहेब," शिवलिंगप्पा म्हणाले. "पाणीबी दावलं न्हाय."

यांची टिपणं उतरवून मला पाठ झाली होती. गुंगी पुरेशी चढली की मान उतरते, खालचा ओठ लोंबतो, पाय थोडे फाकतात, पण जनावर उभं राहतं. तिथवरच न्यायचं. पुढं गेलं तर कोसळतं.

हे घोडीच्या नाकातून रबरी नळी सरकवत होते. गुंगीचं औषध, क्लोरलचं पाणी, अजून बाटलीतच होतं. आणि हरणीचा खालचा ओठ लोंबत होता. नळीला तिनं मानसुद्धा झटकली नाही.

'अहो' अगदी ओठावर आलं. पण अंगणात दहा-बारा माणसं होती. आदल्या महिन्यात भूमच्या दौऱ्यात मी असंच मध्ये बोलले, तेव्हा हे घरी येऊन एवढंच म्हणाले होते, "डॉक्टर कोण, हे लोकांना कळू दे." मी वहीत मात्रा लिहिली. वेळ लिहिली.

डोळा बधिर करायला कोकेनचे थेंब पडले. गाठ निघेस्तोवर ती उभी राहिली. मग मागचा खूर फरशीवर घसरला, खर्रकन, एकदाच. ती खांबाला टेकली आणि तिथून खाली गेली. श्वास घोरल्यासारखा, मग लांब लांब अंतरानं. शिवलिंगप्पा तिचं डोकं मांडीवर घेऊन कानडीत तिच्याशी बोलत राहिले. ऊन ओसरीच्या पायरीवर आलं तेव्हा ती गेली. पोटातलं शिंगरूही.

नागम्मा तोंडात पदर धरून माझ्याजवळ येऊन बसल्या.

"सुपारीएवढी दिली व्हती. गुळात. हत्यार लागायच्या आदी मुक्या जीवाला आमी देतोच. माझी सासू द्यायची."

"काय दिलं?"

"अफू."

"मुलाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की गुण जातो, बाई."

मी मांडीकडं पाहिलं. एवढा आरडाओरडा झाला, प्रेमला हलली नव्हती.

"हिला किती दिलीत?"

त्या माझ्याकडं बघेनात. "मोहरीएवढी. दोनदा."

मी तिची पापणी वर केली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. मी यांना हाक मारली. या वेळी सगळ्यांदेखत.

दुपारभर तिला झोपू दिलं नाही. तळव्यांवर टिचक्या, तोंडावर गार पाणी, जिभेवर कोऱ्या चहाचे थेंब. नागम्मा चुलीपासून हलल्या नाहीत. हे घड्याळ धरून श्वास मोजत होते. बारा. नऊ. अकरा. दिवेलागणीला ती रडली.

परतताना गाडीत यांनी विचारलं, "तू समोरच होतीस. नळीच्या आधी काही वेगळं दिसलं होतं?"

"नाही," मी म्हणाले.

यांनी सांगितलं ते मी अहवालात उतरवलं : पूर्वी अफू दिल्याची मालकासही माहिती नव्हती. तशी लक्षणे आढळली नाहीत. अक्षर माझं. नागम्मा निदान विचारल्यावर खरं बोलल्या.

आमचं घर सारवणाचं आहे, फरशी नाही. तरी प्रेमलाचा श्वास मोजताना खूर घसरल्याचा आवाज येतो. विसाच्या आत आकडा राहिला की हमखास येतो.

परवा हे दारात येऊन थांबले. "अजून मोजतेस? चार वर्षं झाली, चारू."

मी बोट काढलं नाही. "हरणीचा ओठ," म्हणाले, "नळीच्या आधीच लोंबत होता. मी पाहिला होता."

हे आत आले, प्रेमलाच्या पायाशी बसले.

"माहीत आहे," मग म्हणाले. "नळी सरकवताना माझ्या मनगटाला लागत होता."