शेवटच्या रोलरची वाफ

बॉयलरचा काटा दहावर का, असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं. "पहिल्यापासून दहावरच आहे." घ्या! जणू काटा तिथे कुणी वेल्डिंग करून ठेवलाय. इस्पितळांच्या चादरी धुऊन इस्त्री करणाऱ्या त्या लॉन्ड्रीत नव्यानेच लागलेल्या इंजिनियर मुलीला हे काही पटेना. सातच्या दाबावरही वाफेने तापलेले रोलर चादरी वाळवतील, मग फुकटचं तेल कशाला जाळायचं? तिने मालकांच्या गळी ते उतरवलं आणि बॉयलरवाल्या काकांनी कुरकुरत काटा सातवर आणला.

तेल खरंच वाचलं. पण रांगेतल्या शेवटच्या रोलरवरून चादरी दमट निघायला लागल्या. आणि त्या रोलरवर कोण? तिचीच थोरली बहीण! जितक्या चादरी तितकी मजुरी. एकेक चादर दोनदा घालायची म्हणजे मजुरी निम्म्यावर.

घरी ताईने ताट सरकवलं. म्हणाली, "तुझं शिक्षण याच रोलरवर झालंय, विसरलीस?"

"नाही गं ताई."

"मग उद्या काटा वर घे."

धाकटीने हातातला घास ताटात ठेवला. काटा वर घेणं सोपं होतं. पण आपलं काहीतरी बघायचं राहिलंय, हे तिला आतून कळत होतं, आणि ते सापडेपर्यंत ती हटणार नव्हती.

सकाळी मालक खुशीत. "अहो, सोप्पं आहे. शेवटचा रोलर बंदच करून टाकू. तरीही आपण फायद्यातच."

"आणि त्यावरची बाई?"

"बघू कुठेतरी."

हे 'बघू' म्हणजे काय, ते तिला चांगलं ठाऊक होतं. तिचं डोकंच फिरलं. "मालक, बाई काढून जे उरतं, ती वाफेची बचत नव्हे. मला आठवडाभर द्या. नाही जमलं तर आधी मला काढा." बोलली आणि तडक शेवटच्या रोलरकडे निघाली.

दिवसभर ती रोलरखाली वाकून पाइप चाचपत होती. रोलर तापवून झाला की वाफेचं पाणी होतं, ते बाहेर सोडायला खाली मुठीएवढा ट्रॅप असतो. त्याच्या अलीकडचा पाइप चक्क कोमट! म्हणजे पाणी आतच तुंबलंय. दहाचा दाब ते ट्रॅपच्या बारीक भोकातून रेटून काढायचा, सातला तेवढा जोर नव्हता. अहो, एका अरुंद भोकापायी अख्खा बॉयलर इतकी वर्षं उगाच राबत होता!

"मी आधीच सांगत होतो," काका म्हणाले.

"काय सांगत होतात?"

"की काहीतरी होणार म्हणून."

मोठ्या तोंडाचा ट्रॅप आला, बसला. त्याची किंमतही तिने बचतीतून वजा करून मालकांपुढे ठेवली. मग ताईने चादर घातली. काटा सातवरच. मालक, काका, सगळे श्वास रोखून उभे. चादर बाहेर आली तशी ताईने ती गालाला लावली. मग दुसरी. मग तिसरी.

"काय गं?" धाकटीला राहवेना.

"कोरडी ठणठणीत." ताई हसलीबिसली नाही, काकांकडे वळली. "काका, काटा सहावर घ्या."

"अगं ताई, तुझी मजुरी..."

"घ्या हो काका. पुन्हा ओली निघाली तर ही आहे की इथे वाकून बसायला."