पट्ट्यावरचे पाळणे

द्वारकेला मळीचा वास कधी सवयीचा झालाच नाही. कारखान्याच्या वसाहतीत बिऱ्हाड मांडलं तेव्हा शेजारणी म्हणाल्या होत्या, पहिला हंगाम जड जातो, पुढं नाकाला कळतसुद्धा नाही. तिच्या नाकाला मात्र कळत राहिलं. पाण्याच्या घागरीला तो वास, वाळत घातलेल्या दुपट्यांना तो वास. तान्ह्या लेकीला, कुमूला न्हाऊ घालून, वेखंड लावून कुशीत घेतली तरी तिच्या मानेच्या वळीत तो बसलेलाच. गोड, आंबूस, कुजत चाललेल्या फळासारखा. पुण्याला कॉलेजात शिकत असताना तिनं साखरेचा कधी विचारच केला नव्हता. साखर पांढरी असते, एवढं माहीत असलं की पुरे होतं.

कारखाना इंदापूर तालुक्यात, कालव्याच्या काठाला, नवाकोरा. तिचा नवरा मोहनराव तिथं इंजिनियर. जिथं पूर्वी मेंढरं चरायची त्या माळावर आता नजर पोचेल तिथवर ऊस उभा होता, आणि मेंढरांमागं हिंडणारी माणसं त्याच उसात कोयता घेऊन वाकलेली होती.

दिवाळी होऊन ऊसतोड सुरू झाली, तेव्हा एकदा ती मोहनरावांबरोबर फड बघायला गेली. बांधावरच्या बाभळीला झोळ्या टांगलेल्या. पोरं असतील म्हणून ती कौतुकानं वाकली, आणि तशीच मागं सरली. आतल्या पोराचे डोळे अर्धे उघडे होते. डोळ्याच्या कडेला माशी बसली होती, आणि पोर पापणी हलवत नव्हतं. ओठांवर दूध वाळून त्याची साय झाली होती. मेलंय की काय, असं वाटून तिनं त्याच्या आईला हाक मारली. आई हातातली मोळी न टाकताच आली. ती वरकुट्याची बानूबाई, आणि ते तिचं पोर बिरू.

बानूबाईनं शांतपणे सांगितलं, की मेलं न्हाय, गोळी दिलीय. अफूची गोळी, नखात मावेल एवढीशी. सगळ्याच देतात.

"काय करू, वैनी? रडाय लागलं की जीव तिकडं जातो," ती म्हणाली. "मुकादम म्हनतो, मोळी बांध न्हायतर घरी जा. गोळी दिली की दोगांचंबी भागतं."

त्या दिवशी द्वारकेला जेवण गेलं नाही. कुमूला पाजताना तीच माशी डोळ्यांपुढं येत होती. मोहनरावांवर तिनं सगळा राग काढला. ऊस चिरडायला तुमच्याकडे यंत्र, रस उकळायला यंत्र, पोती शिवायला यंत्र, आणि पोर सांभाळायला तेवढी अफू. तुमच्या विद्येतून एवढंही निघू नये?

संक्रांतीच्या आत मोहनरावांनी यंत्र उभं केलं.

चरक फिरवणाऱ्या इंजिनाच्या दांड्यावरून त्यांनी एक चामडी पट्टा भिंतीतल्या भोकातून शेजारच्या लांबट खोलीत आणला. पट्ट्याखाली लोखंडी पाळण्यांच्या दोन रांगा. चरक फिरला की पाळणे हलायचे. वर एक टाकी, तिच्यात दूध आणि काकवी, आणि तिथून प्रत्येक पाळण्यात उतरणारी रबरी नळी. शिवाय आवाज भरून ठेवायचं मेणाचं एक मोठं नळकांडं, तेही त्याच दांड्यावर फिरणारं, आणि त्याला जोडलेला कर्णा. नळकांड्यावर अंगाई भरायची होती. वसाहतीत गळा असलेली बाई म्हणजे द्वारका.

ती आनंदानं गेली. अफू बंद होणार होती. गाताना मध्येच बाहेर घरकामाच्या सारजेच्या कडेवर असलेल्या कुमूला मुंगी डसली आणि तिनं टाहो फोडला. तो टाहो मेणावर उतरला. द्वारका म्हणाली, पुन्हा गाते. मोहनराव म्हणाले, मेण तेवढंच आहे, राहू दे. दुधाची तोटी उघडायला त्यांना नळकांड्याच्या फेऱ्यातली एक ठरावीक जागा हवीच होती. त्यांनी तीच धरली. कुमू रडली की तोटी उघडायची.

पाळणाघर पाहायला बारामतीहून माणसं येऊ लागली. मामलेदार आले, शाळांचे हेडमास्तर आले. कोणीही आलं तरी पहिल्यांदा तेच म्हणायचं, एकही पोर रडत नाही. सारजेला आता तिथंच लंगोट बदलण्याच्या कामावर घेतलं होतं, आणि तीही पदरानं हात पुसत तेच सांगायची. बाया पहाटे पोर आणून टाकायच्या, अंधार पडता घेऊन जायच्या. छातीला पान्हा दाटायचा, आठ-पंधरा दिवस ठसठसायचा, मग आटायचा. मुकादम खूश होता.

द्वारका एकदा कुमूला कडेवर घेऊन दुपारची तिथं गेली. चरकाची धडधड जमिनीतून तळपायात चढत होती. कर्ण्यातून तिचाच आवाज येत होता, पण घशात चिकट काही अडकल्यासारखा. पोरं छताकडं बघत पडली होती. हनुवट्यांवर काकवीचे तपकिरी ओघळ, गळ्याच्या वळ्यांत मुंग्या. मग कर्ण्यातून कुमूचा टाहो आला, आणि त्या सगळ्या पोरांनी एकदम तोंडं उघडली. हात हलला नाही, मान वळली नाही, फक्त तोंडं. नळ्यांतून घुटके उतरले. पाझर थांबला तशी तोंडं मिटली, एकदमच. तिला उपसून ठेवलेल्या जाळ्यातले मासे आठवले.

कडेवरची कुमू स्वतःचंच रडणं ऐकून दचकली होती. कोण रडतंय म्हणून ती इकडंतिकडं बघत राहिली, आणि मग तिनं आईच्या खांद्यात तोंड खुपसलं.

कारखान्याचे मॅनेजर आबासाहेब तेवढ्यात तिथं आले. मुंबईहून मालक मंडळी यायची होती. इंजिनियरसाहेबांची मुलगीच पाळण्यात दिसली तर केवढी शोभा येईल, असं त्यांनी हसत हसत सुचवलं. द्वारका नाही म्हणाली. ते हसतच राहिले.

"बाई, तुम्ही शिकलेल्या. पुढचं बघा," ते म्हणाले. "ही पोरं मोठी झाली की यांना हाक मारावी लागणार नाही. भोंगा झाला की उठतील, भोंगा झाला की जेवतील. मागणं नाही, रुसणं नाही. अशी माणसं अजून जगात कुठं झालेली नाहीत."

घरी आल्यावर मोहनराव तिच्याशी नीट बोलेनात. चार लोकांत मान खाली गेली, एवढंच म्हणाले. दुसऱ्यांच्या पोरांना चालतं, मग आपल्या पोरीला का चालू नये, हे त्यांनी विचारलं नाही, पण ते जेवताना ताटात पडून होतं. द्वारकेनं मनाशी एवढंच घट्ट धरलं, की काही झालं तरी कुमू त्या खोलीत जायची नाही.

होळीच्या सुमारास ती बारामतीच्या बाजाराला गेली. कासाराच्या दुकानासमोर कुमू बांगड्यांसाठी हटून बसली आणि तिनं भोकाड पसरलं. रस्त्यापलीकडं ऊसतोडीच्या गाड्या सोडलेल्या होत्या, बाया बाजार करून सावलीला बसल्या होत्या. कुमू रडली, आणि त्यांच्या मांडीवरच्या, कडेवरच्या, ओटीतल्या सगळ्या पोरांची तोंडं उघडली. बाया आधी हसल्या. एकीनं आपल्या पोराच्या तोंडात बोट घालून बघितलं. बानूबाई तेवढी हसली नाही. ती बिरूकडं आणि मग कुमूकडं बघत राहिली. द्वारकेनं बांगड्या न घेताच पोरीला उचललं.

चैत्र लागला आणि ऊस संपला.

एवढी साधी गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. ऊस संपला की चरक थांबतो, चरक थांबला की इंजिन, इंजिन थांबलं की दांडा. कुणाचा ऊस कोणत्या दिवशी गाळायचा याचा हिशेब करणाऱ्या माणसांनी पाळणेही त्याच दांड्याला बांधले होते. शेवटचा भोंगा लांबवर वाजला, बॉयलर निवला, पट्टा सैल पडला. बाया आपापली पोरं उचलून पालांवर गेल्या. बंद खोलीत, पत्र्याखाली, उन्हाच्या त्या तावात मेणाचं नळकांडं वितळून गेलं. मोहनरावांनी दार उघडलं तेव्हा दांड्याला पिवळट लोंबतं शेंबडासारखं काहीतरी चिकटलं होतं, आणि त्यात मुंगळे अडकले होते.

बानूबाई ओसरीवर आली ती बिरूला घेऊन. हातात बोंडलं, त्यात शेळीचं दूध.

"त्वांड उगडंना झालाय, वैनी," ती म्हणाली. "दोन दिस झालं. अंगावर घ्यावं तर मला आता येतंय कुठं? चमच्यानं दात-ओठ फाकून घातलं तर भायेरच येतंय सगळं."

बिरूची टाळू आत गेली होती. तो रडत नव्हता, छताकडं बघत होता. द्वारकेनं अंगाई गाऊन पाहिली, काही नाही. रडण्याची नक्कल केली, शेजारच्या पोराला रडवून पाहिलं, काही नाही. तोवर आणखी बाया येऊन बसल्या होत्या, प्रत्येकीच्या मांडीवर मिटलेलं तोंड. त्यांनी मागितलं काहीच नाही. सगळ्या जणी फक्त कुमूकडं बघत होत्या. कुमू नुकती पाऊल टाकायला लागली होती. एवढी माणसं बघून ती खुशीत होती, खांबाला धरून हसत होती.

मोहनराव बाहेर आले. एकदा सगळीकडं बघून त्यांनी ते ओळखलं, यंत्रातला बिघाड ओळखावा तसं. ते खाली बसले आणि त्यांनी कुमूच्या दंडाला चिमटा काढला.

टाहो फुटला आणि तोंडं उघडली. बोंडली टेकली. बानूबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुटपुटत होती, पी रं माज्या राजा, पी.

त्यानंतर रोज सकाळ-दुपार-संध्याकाळ. पालं उठायची ती उठलीच नाहीत. गावोगावच्या बाया वसाहतीभोवती राहिल्या, कारण पोर जगायचं तर त्या ओसरीपासून लांब जाता येत नव्हतं. द्वारकेनं दोनदा ट्रंक भरली. कुमूला घेऊन पुण्याला निघून जायचं ठरवलं, आणि दोन्हीदा बिरूची ती टाळू आठवून कपडे परत फळीवर ठेवले. आबासाहेब येऊन पाहून गेले. त्यांना वाईट वाटण्याऐवजी उमेदच आली. वाफेशिवायसुद्धा चालतं की, ते मोहनरावांना म्हणाले. पुढच्या हंगामाला मेण नको, पोरीच्या रडण्याच्या पक्क्या तबकड्या काढू, गावोगाव देऊ. मोहनराव कागद घेऊन आकृत्या काढायला बसले.

मोहनरावांचा हात जड होता. कुमूच्या दंडावर काळेनिळे वण उठू लागले, तेव्हा द्वारका म्हणाली, मीच करीन. निदान आईचा हात तरी. ती जागा बदलायची, एकदा हा दंड, एकदा तो, एकदा मांडी. आणि चिमटा काढून झाला, पोरांची पोटं भरली, की लेकीला उराशी धरून तिच्या जिभेवर बोटभर काकवी ठेवायची. कुमू हुंदके देत देत ती चाटायची आणि गप्प व्हायची. तेवढंच तिला करता येण्याजोगं होतं. त्या बोटाचा वास ती साबणानं धुवायची, शिकेकाईनं धुवायची. जात नव्हता.

वैशाखातली एक सकाळ. बाया नेहमीसारख्या येऊन टेकल्या, बोंडल्यांचा आवाज झाला. कुमू अंगणात खडे मांडत होती. तिनं खडे टाकले आणि हाक मारायच्या आतच ती लुटुलुटु चालत ओसरीवर आली. आईसमोर बसली, झबल्याची बाही वर सरकवली आणि दंड पुढं केला. डोळे अर्धे मिटलेले होते.

द्वारकेनं खाली पाहिलं. तिची बोटं चिमटीत आधीच आलेली होती.

तिनं चिमटा काढला. कुमू रडली नाही. तिनं आणखी जोरानं काढला, नख रुतलं, कातडीवर रक्ताचा ठिपका आला. ओसरीवर कोणी हललं नाही. बानूबाईनं धरलेल्या तिरक्या बोंडल्यातून दुधाचा थेंब बिरूच्या मिटलेल्या ओठांवर पडला आणि गालावरून ओघळला.

कुमूनं आईच्या काकवीच्या बोटाकडं पाहिलं आणि तोंड उघडलं.