कणगीबाबाची पायली

सोमवारी मारुतीच्या पारापुढं मुंगीला शिरायला वाट नव्हती. मुरुडच्या आसपासच्या वाड्यांवरून माणसं लोटली होती, आणि ज्याच्यात्याच्या डोक्यावर ज्वारीचं गाठोडं. विहिरी आटलेल्या, गुरं छावणीत गेलेली, आणि अशा साली घरात जपलेले दाणे चारचौघांत निघालेले! कारण काय, तर कणगीबाबा म्हणे दहा पायल्यांच्या पंधरा करून देतो.

"माहूरच्या डोंगरावर उभ्यानं तप केलंय या देहानं!" बाबा गरजला. "लातूर जिल्हा नवा झाला, कलेक्टर नवा आला, दाणा वाढवला का कुणी? रेणुकामाय वाढवती! आणा गं मायांनो, बियाणं बी आणा. वाढीतला निम्मा देवाचा, निम्मा तुमचा!"

शिवगंगा गर्दीच्या कडेला उभी होती. गावच्या शाळेतली ती बाई. लई थकली होती ती. गेल्या साली विहिरीची जागा दाखवणारा पाणाड्या येऊन गेला, त्याच्या आधी अंगात येणारी एक. दर वेळी हिनं घसा कोरडा करून सांगावं, लोकांनी "हाव बाई, बरोबर हाय तुमचं" म्हणावं आणि पुढच्या बुवापुढं नारळ फोडावा. आता पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

पण आज रांगेत तिची सासू मल्लम्मा उभी होती. डोक्यावरच्या गाठोड्यात घरात उरलेलं सगळं बियाणं होतं. हस्ताचा पाऊस पडलाच, तर पेरायला तेवढंच.

सकाळी दोघींची वाजली होती. "आत्याबाई, मागच्या सोमवारी अर्धं बी नेलंत. ते वाढलं म्हणता, वाढीच्या भाकरी करून आपण खाल्ल्या. मग कणगी होती त्यापेक्षा खाली कशी गेली?"

"वाढलेल्याला नजर लावू न्हाई," मल्लम्मा म्हणाली. "मोजलं की बरकत जाती. लई शिकलीस म्हणून देवाला बी हिशेब मागतीस का?"

इकडं खळ्यावर रास मोजायची एक रीत आहे. चपला काढायच्या, तोंड मिटायचं. मोजणारा पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. मध्ये कुणी बोललं तर बरकत उडाली. रीत वाईट नाही. बडबडीत मोजणी चुकतेच. पण बाबानं नेमकी तीच धरली. माणसं येताना घरच्या पायलीनं मोजून आणत. बाबा कांबळ्यावर रास करून अंगारा टाकी आणि आपल्या 'सिद्ध' पितळी पायलीनं मोजून देई. तेवढा वेळ कुणी ब्र काढायचा नाही. मग विचारणार कोण, कपाळ?

बोलावं तर पंचाईत. रास कमी भरली की खापर तिच्याच माथी फुटणार, मास्तरणीनं तोंड उघडलं म्हणून. शिवगंगा झपाझपा घरी गेली आणि घरची लाकडी पायली पदराखाली घेऊन आली.

मल्लम्माची पाळी आली होती. "लाभ!" बाबानं पहिलं माप ओतलं. "दोन…"

शिवगंगानं चपला काढल्या. पुढं होऊन राशीला हात जोडले. बाबानं भरलेली पितळी पायली तिनं त्याच्या हातातून अलगद काढून घेतली आणि आपल्या पायलीत रिकामी केली. एक शब्द बोलली नाही.

लाकडी पायली भरली नाही. चांगली मोठी तूट राहिली.

बाबाचे डोळे पांढरे झाले. पण ओरडणार कसा? नियम त्याचाच! तो नुसते हातवारे करायला लागला. पारावर बसलेले सरपंच हणमंतराव उठले, चपला बाहेर सोडून आले, आणि त्यांनी स्वतः तेच करून पाहिलं. परत तेवढीच तूट. गर्दीतल्या बाया टाचा उंचावून बघत होत्या.

"वाटोळं केलंस गं! आटली बरकत!" शेवटी बाबाच किंचाळला.

"आं? बाबा, पैले तर तुमीच बोललात की!" कुणीतरी म्हणालं, आणि माणसं इतक्या दिवसांनी खळखळून हसली.

हणमंतरावांनी पितळी पायलीत हात घातला. बाहेरून केवढी खोल, आणि आत तळ लगेच हाताला लागला. खुरपं मागवून त्यांनी आतली चकती उचकटली. खाली लाखेचा जाड थर! पायलीच आतून उथळ केलेली. दाणे तेवढेच, माप लहान, म्हणून मापं जास्त भरायची. त्यातला 'देवाचा वाटा' बाबा बाजारात विकून मोकळा होत होता.

बाबाला चावडीत बसवलं. तो उतरला होता त्या खोलीत दोन पोती निघाली. बाकीचं कधीच गेलं होतं.

हसू विरलं ते गर्दीतल्या केवळाबाईच्या रडण्यानं. "अगं बाई गं! वाढीचं म्हणून पोराबाळांला दळून घातलं की मी! ते बीच हुतं माझं!"

मग एकेकीच्या तोंडचं पाणी पळालं. वाढ कुठं होतीच? बाबानं नेलं ते नेलंच, वर घरोघर आपलंच बियाणं आपणच खाऊन बसलो होतो.

"बाई, बोला कायतरी," हणमंतराव म्हणाले.

शिवगंगानं न बोलायचं ठरवलं होतं. तरी ती म्हणाली, "ज्वारी पायलीत वाढत नाही, मातीत वाढते. दुष्काळ आज ना उद्या सरंल, पण बी संपलं तर पाऊस येऊन काय भिजवणार? देवाला हात जोडा, मी कुठं नको म्हणते? पण देवाच्या नावानं कुणी माप आणलं, तर आपलं माप शेजारी ठेवा. विचारल्यानं बरकत जात नाही. न विचारल्यानं गेली."

मल्लम्मा खाली मान घालून गाठोडं बांधत होती. "भरल्या पोटी सुचतंय गं हे सगळं," ती पुटपुटली. "पोरं भाकर मागून राहिली हुती. कुणी वाढवून देतो म्हणलं, तर शंका कुठून आणू?"

शिवगंगा पुढं झाली. ती सासूशेजारी खाली बसली. "आत्याबाई, भरल्या पोटाचा माणूस फसला तर एक दिवस हळहळतो. आपण फसलो तर साल जातं. म्हणून शंका आपल्यालाच पाहिजे."

मल्लम्मा उठली. गाठोडं तिनं सुनेच्या डोक्यावर दिलं.

हस्ताचा पाऊस त्या साली बेताचा का होईना, पडला. ओल सगळ्या रानात होती. मल्लम्मानं शेताची खालची पट्टी पेरली. वरच्या पट्टीपुरतं बी उरलं नव्हतं.