सव्वा मूठ

याकोब भांबळांनी सतरंजीची चारही टोकं ताणून सरळ केली, पंखा लावला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहाला पाच कमी. परराज्यातल्या, बमरोलीच्या या पत्र्याच्या खोलीत गेली चौदा वर्षं दर रविवारी दहाच्या ठोक्याला उपासना सुरू व्हायची, ऐकायला कोणी असो वा नसो. एरवी शेजारच्या कारखान्यातल्या लूमच्या, म्हणजे मागांच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलता बोलता त्यांचा घसा बसायचा. आज कारखाना चिडीचूप होता. खानदेशी कारागीर सगळे सुट्टीवर, कारण आज त्यांच्या कानबाई देवीचा, श्रावणातला रविवार. बोललेलं स्वच्छ ऐकू जाईल असा रविवार वर्षातून हा एकच उगवायचा आणि नेमकं त्याच दिवशी ऐकायला चिटपाखरू नसायचं.

आज मात्र सव्वादहापर्यंत त्यांनी वाट पाहिली. मग उठून एकट्यानेच गीत म्हटलं, वचन वाचलं, पाच मिनिटं प्रवचनही केलं. रिकाम्या सतरंजीला त्याहून जास्त काय सांगणार? शेवटी हात वर करून आशीर्वाद दिला, सतरंजी गुंडाळली आणि पिशवीतला अर्ज जागेवर आहे ना, ते पुन्हा एकदा चाचपून पाहिलं.

नगरहून मिशनचं पत्र येऊन दहा दिवस झाले होते. भाषा गोड, मतलब कडू. महिनाअखेर एकाच्या तरी बाप्तिस्म्याचा अर्ज दाखल झाला नाही तर बमरोलीचं काम बंद, आणि भांबळांनी सामान बांधून परत यावं. मिशनला तरी काय दोष द्यायचा? चौदा वर्षांत बाप्तिस्मे झाले दोन. त्यातला एक गडी काम सुटल्यावर गावी गेला तो गेलाच. दुसरा पुढच्याच वर्षी गणपतीची वर्गणी मागायला भांबळांच्या दारात उभा राहिला होता, आणि वर ओशाळलाही नव्हता. परत जायचं तर भांबळांचं तिकडे होतं कोण? बायको चार वर्षांपूर्वी गेली. मूलबाळ नाही. या खोलीत काहीच उगवलं नसेल तर आपलं आयुष्य नेमकं कुठे गेलं, हा प्रश्न ते दिवसा टाळायचे.

आता सगळी मदार उषाबाईवर होती. कारखान्यात बॉबिन भरणारी ही बाई गेली सहा वर्षं, कानबाईचा सोडला तर एकही रविवार न चुकता पहिल्या ओळीत बसायची. तिचा नवरा बन्सीलाल इस्पितळात बावीस दिवस पडून होता, तेव्हा भांबळ रोज त्याच्या उशाशी बसत, त्याला पाणी पाजत, प्रार्थना करत. बन्सीलाल वाचला नाही, पण उषाबाई उपासनेला येऊ लागली. गीतं तिला तोंडपाठ. सूर मात्र तिचा स्वतःचा, कुठल्याही पेटीला न जुमानणारा. आषाढात भांबळांनी धीर करून बाप्तिस्म्याचं विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "श्रावणात सांगते." या राज्यात बाप्तिस्मा द्यायचा तर आधी कलेक्टर कचेरीत अर्ज करावा लागतो. तो त्यांनी सुवाच्य अक्षरात भरून ठेवला होता, फक्त तिची सही राहिली होती.

उषाबाईच्या घराचं दार बंद दिसलं तसे भांबळ थबकले. चाळीत दिवसाढवळ्या दार कोणी लावत नाही. मग त्यांच्या लक्षात आलं, आत कानबाईचा रोट, नैवेद्याची जाड पोळी खाणं चाललं असणार. रोट खायचा तो भाऊबंदांनीच. शेजाऱ्याला नाही, पाहुण्याला नाही, लेकीच्या सासरच्यालासुद्धा नाही. पहिल्याच श्रावणात त्यांनी या कानबाईविरुद्ध तासभर प्रवचन झोडलं होतं आणि पुढच्या रविवारी सतरंजीवरची अर्धी माणसं आली नव्हती. ते मागे वळणार, तेवढ्यात दार उघडलं. उषाबाईचा मुलगा हेमराज उभा होता.

"या काका. कवाधरून तुमचीच राह पाहतोय."

"नंतर येतो रे. तुमचं घरचं चाललंय."

"आधी आत या. आईने कुणाला घास घेऊ दिला नाही अजून."

आत पाटावर कलश होता आणि कलशावर नारळाची कानबाई, नथ ल्यालेली, हिरव्या खणात. दोन्ही भिंतींना टेकून पानं मांडली होती. गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, खीर, आणि प्रत्येक पानात जाडजूड रोट. हेमराज, त्याची बायको जयश्री, मुलं, गावाकडून आलेले चुलते, सगळे मिळून दहाबारा माणसं भुकेली बसली होती. अकरावीतली नात पल्लवी मोबाइल मांडीखाली लपवत होती. एक पान रिकामं होतं.

"बठा भाऊ," उषाबाई म्हणाली.

उपासनेला ती त्यांच्याशी जपून, शाळेतल्यासारखं मराठी बोलायची. आज घरातली खानदेशी बोलली.

"उषाबाई, मी बाहेरचा माणूस. मला हे चालत नाही, तुम्हाला ठाऊक आहे."

"बाहेरना कसा? तुमना नावनी सव्वा मूठ टाकेल शे."

भांबळांना कळेना. तेव्हा हेमराजने सांगितलं. घरात जितके पुरुष, तितक्या सव्वा मुठी गहू मोजायचे, एकत्र दळायचे, आणि त्याचे रोट घरच्यांनीच संपवायचे. बाहेर द्यायचं नाही, उरवायचं नाही, उरलं तर घराला दोष. वडील, म्हणजे आबा, गेले त्या वर्षापासून आई काकांच्या नावाची मूठ घालत आली आहे. आबा त्यांना भाऊ म्हणायचे, मग भावाची मूठ नको?

"सहा वरीस तुमचा हिस्सा मी खाल्ला," हेमराज म्हणाला. "यंदा डॉक्टरने जास्तीचं बंद केलं. शुगर निकली. म्हणून आई म्हणाली, आता ज्याचं त्यानेच खावं."

चुलते हसले. भांबळ तसेच उभे राहिले. चप्पल काढल्याचंही त्यांना आठवत नव्हतं. सहा वर्षं आपण या बाईचं नाव प्रार्थनेच्या वहीत लिहीत होतो, आणि सहा वर्षं ही आपल्याला गव्हात मोजत होती. त्यांना आनंद व्हायला हवा होता. पण झाला नाही.

"आनि तो कागद आना," उषाबाईने हात पुढे केला. "सही करी देस. मंग निवांत जेवा."

पिशवीकडे गेलेला त्यांचा हात मध्येच थांबला. "कुठला कागद, तुम्हाला माहीत आहे?"

"माहीत शे. पल्लवीनी तुमनं पत्र वाचं. खोलीत टेबलवरच व्हतं. मी सही नही करी त तुमले आठेन काढी टाकतीन."

"म्हणून करताय?"

"मंग?" तिला या प्रश्नाचंच नवल वाटलं. "तुम्ही आमना रोट खावा, मी तुमनं बाप्तिस्मानं पानी लिसू. घरना माणसं एकमेकसाठे इतलं करतसच."

"आणि प्रभू?" भांबळांनी विचारलं. आवाज इतका बारीक निघाला की तो आपलाच आहे हे त्यांना पटेना.

"तो शेच ना भाऊ. त्याले कोन नही म्हने?"

तिच्या तोंडावर कपटाचा लवलेश नव्हता. असता तर बरं झालं असतं, रागावता आलं असतं. भांबळांनी अर्ज बाहेर काढला, एकदा डोळ्यांखालून घातला आणि चार घड्या करून खिशात टाकला.

"यात चूक राहिलीय," ते म्हणाले. "नवा करावा लागेल."

"कवा?"

"बघू."

पल्लवीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि लगेच पानाकडे बघितलं. पत्रातली तारीख तिला माहीत होती.

भांबळ रिकाम्या पानावर बसले. हेमराजने लगोलग घासाला हात घातला, तशी उषाबाई त्याच्यावर डाफरली.

"थांब रे. भाऊ जेवाना पहिले प्रार्थना करतस. हात जोडा समदा."

एकेक करून सगळ्यांनी हात जोडले. चुलत्यांनी टोप्या काढल्या, जयश्रीने पदर सारखा केला, लहानग्यांनी डोळे गच्च मिटले. चौदा वर्षांत इतकी माणसं त्यांच्यासमोर एकत्र माना खाली घालून बसली नव्हती. कोणी खोकलंही नाही. बाजूच्या पाटावर कानबाईपुढचा दिवा तेवढा जळत होता.

"हे आमच्या स्वर्गीय पित्या," भांबळ म्हणाले.

पुढचे शब्द त्यांना झोपेतही आले असते. या अन्नाबद्दल तुझे उपकार मानतो. त्यांनी ओठ उघडले आणि मिटले. पानातल्या रोटाकडे पाहिलं, पुन्हा ओठ उघडले. या अन्नाबद्दल त्याचे उपकार मानावेत की क्षमा मागावी, हे त्यांना ठरवता येईना. आणि आज पहिल्यांदाच त्यांना असंही वाटलं, की पलीकडे ऐकायला कोणी नाही.

पोरांची चुळबूळ सुरू झाली. एकाने एक डोळा किलकिला केला. खीर निवत चालली होती. उषाबाईने थोडा वेळ वाट पाहिली, मग त्यांच्या झुकलेल्या डोक्याकडे बघून हलकेच म्हणाली,

"आमेन."

"आमेन," सगळं घर एका आवाजात म्हणालं.

तिने त्यांच्या रोटावर तुपाची धार धरली. भांबळांनी कोपरा मोडला, तुपात बुडवला आणि मान खाली घालून खाऊ लागले. एक कणही उरवून चालणार नव्हतं.