चंदाची ऐरण

"काका, ऐरण हाये, नवरी नाई. किती वेळ पाहता?"

बल्लारपूरचा भंगारवाला सुनिल वैतागला होता. मी त्याच्या यार्डात ऐरणीपुढे उकिडवा बसलो होतो. म्हटलं, "नवरी असती तर एवढं पाह्यलं नसतं बापा. नवरी आपल्याले सांभाळून घेते. ऐरण नाई घेत."

चंदा पदर तोंडावर धरून हसली. माझी सून. पोरगा निकेश ऊर्जानगरले ठेकेदाराकडे ड्युटी करते, त्याले विस्तवाचं वावडं. भट्टी उचलली ती हिनं. भाता मी ओढतो, घण ती मारते.

आमची जुनी ऐरण गेल्या महिन्यात कोपऱ्यातून फुटली. धान कापणीले पंधरा दिवस राह्यले होते अन् चार गावचे विळे आमच्या दारात पडून होते. ऐरण नाई मिळाली तर लोक विळे उचलून दुसऱ्या लोहाराकडे नेतील, अन् एकदा गेलेलं गिऱ्हाईक बाईच्या भट्टीवर परत येत नाई. हे चंदाले बी माहीत होतं.

"घण मारणार कोण?" सुनिलनं विचारलं. "ह्या बाई?"

"काऊन भाऊ?" चंदा म्हणली. "लोखंडाले समजते का, कोण मारून राह्यलं ते?"

मी ऐरणीवर पट्टी आडवी ठेवली. खालून उजेड दिसला नाई, म्हणजे तोंड सपाट. कानस घासली, ती घसरून गेली. म्हणजे पोलाद कडक. चंदानं पदराच्या गाठीतून ट्रकच्या बेअरिंगची गोळी काढली अन् वीतभर उंचीवरून सोडली. गोळी उडाली ती जवळजवळ तिच्या बोटाले येऊन लागली.

राह्यला आवाज. आतली चीर डोळ्याले दिसत नाई, आवाजातच सापडते. निरोगी ऐरण घंटीसारखी लांब वाजते, चिरलेली फुटक्या मडक्यासारखी. चाळीस साल लोक मलेच घेऊन जायचे ऐकाले. गोंडपिपरीपासून पार नदीकाठपर्यंत. पत्रू लोहार नाई म्हणला की सौदा मोडला.

आता खरं सांगतो. ते कान गेले होते. माणूस समोर बोललं की समजते, पण बारीक आवाज सारे बंद. चिमणी नाई, सायकलची घंटी नाई. कोणाले सांगितलं नव्हतं. काय सांगणार? माझ्यापाशी दुसरं होतं काय?

हातोडी मारली. मले 'ठक' आलं. पुन्हा मारली. ठक.

"चिरली हाये," मी म्हटलं. "चाल चंदा."

"काय बोलता काका!" सुनिल उखडला. "अशी वाजली, अन् चिरली म्हणता?"

तेव्हा मले दिसलं. पत्र्याखाली झोपलेलं कुत्रं उठून उभं होतं. वजनकाट्यावरचे दोघं हमाल मान वळवून इकडेच पाहून राह्यले होते. नुसत्या ठकले कोणी मान वळवत नाई. पण शब्द तोंडातून गेला होता, अन् ऐरणीच्या बाबतीत मी शब्द कधी फिरवला नव्हता.

चंदानं बी ऐकलं होतंच. चारचौघांत म्हणू शकली असती, मामाजी, वाजली ना चांगली. तसं म्हणली नाई. हातोडी उचलली.

"मामाजी, चिरलेली ऐरण हाताले कशी लागते? मले शिकवून ठेवा, मंग जाऊ."

तिनं माझा तळहात ऐरणीच्या निमुळत्या चोचीवर टेकवला अन् दुसऱ्या टोकाले ठोका दिला.

तळहातात मुंग्या उठल्या. मनगटात आल्या, कोपरात आल्या. आता थांबल, आता थांबल म्हणतो, तर थांबेच ना. चीर असती तर थरथर तिथीच मेली असती. हे तर एका अंगाचं लोखंड होतं, कुठीच दुखणं नाई.

मी उठलो. गुडघे वाजले असतील, मले ऐकू आले नाई.

"सुनिल, माझं चुकलं," मी म्हटलं, हमालांनाही ऐकू जाईल असं. "कान गेले माझे. ऐरण निरोगी हाये. अन् आजपासून कोणाले ऐरण पाहाची असन तर हिले घेऊन जा. चंदाबाई लोहार, लिहून ठेव."

सुनिलनं हमालांना हाक मारली, अन् चंदासाठी खुर्ची आणाले सांगितलं.

येताना छोट्या हत्ती टेम्पोत मागं ऐरणीजवळच बसलो दोघं. "कधीपासून माहीत होतं तुले?"

"दोन साल झाले," चंदा माझ्याकडे तोंड करून म्हणली. "कुकरच्या शिट्ट्या तुमी मोजाचे. मंग भात करपाले लागला."

"मंग बोलली काऊन नाई?"

"करपला भात खाल्ला मामाजी. काय बिघडलं?"

दुसऱ्या दिवशी ऐरण धावड्याच्या लाकडाच्या जुन्या ठोकळ्यावर बसवली, हळद-कुंकू लावलं. नव्या ऐरणीवर पहिला घाव घरच्या मोठ्यानं घालाचा, ही आमच्यात रीत हाये. माझ्या बापानं घातला होता, त्याच्या बापानं घातला होता. चंदानं घण माझ्यापुढे धरला. मी तो तसाच तिच्याकडे सरकवला.

मंग चप्पल काढली अन् ठोकळ्याले लागून उघडा पाय जमिनीवर टेकवला, ऐकाले.

तिनं मारलं. अन् माझ्याकडे पाह्यलं.

मी बोट वर केलं. अजून एक.