बाळंतिणीच्या खोलीतला भोंगा

मित्रांनो, भिलाईच्या एका क्वार्टरमध्ये, आतल्या खोलीच्या भिंतीवर एक पांढरा गोल डबा आहे. तो भोंगा म्हणजे मी. हवेत कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू साचला की मी बोंबलतो. या वायूला ना रंग, ना वास, ना धूर. कारखान्यात मला खऱ्या विषात घालून पारखलं आणि मगच पेटीत बसवलं. मी वाजलो की नागपूरला शुभंकररावांच्या फोनवरही खबर जाते. बायको गुंजन पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाली, तेव्हा त्यांनीच मला इथे लावलं.

गुंजनचे वडील फकिराभाऊ स्टील प्लांटच्या गॅस विभागातून रिटायर झालेले. माझाच एक भाऊबंद छातीला लावून त्यांनी तीस वर्षं ड्यूटी केली. तो वाजला की हातातलं काम टाकून बाहेर पळायचं, हे किती नव्या पोरांना त्यांनी दटावून शिकवलं! मला वाटलं, आपण नशीब काढलं. कसलं नशीब आणि कसलं काय!

बाळ आठ दिवसांचं झालं आणि जानेवारीची थंडी वाढली. आजी कौशल्याबाईंनी शेकासाठी खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवली, खिडक्या लावल्या, दाराच्या फटीत गोधडीसुद्धा कोंबली.

दुपारी गुंजन म्हणाली, "आई, डोकं लई दुखून राहिलं."

"बाळंतिणीचं दुखतेच वं. झोप जराशी."

झोप म्हणे! मी जीव तोडून ओरडलो. बाळ दचकून रडायला लागलं.

"अजी, त्या डब्याले बंद करा ना! लेकरू भेवून राहिलं."

फकिराभाऊ स्टुलावर चढले. शेगडीकडे बघून म्हणाले, "बिघडला वाटते. तो गॅस प्लांटमंदी राह्यते. घरच्या शेगडीत कुठून येईन? धूर तरी आहे का?"

अहो, तीस वर्षं कोळशाच्याच गॅसशी झुंजलात ना? मग कोळसा खाटेखाली आला की गरीब गाय होतो का? त्यांनी माझे सेल काढले, टीव्हीच्या रिमोटमध्ये घातले, दार ओढून घेतलं आणि डिंक-खारीक आणायला पावर हाउस भागातल्या बाजारात निघून गेले. मी नुसता बघत राहिलो. संताप होतो हो अजून!

पण माझी हाक नागपूरला पोचली होती. शुभंकररावांनी फोनवर फोन लावले. सासरे गाडीवर, सासूबाई मागच्या अंगणात दुपटी धूत होत्या. शेवटी त्यांनी शेजारच्या रत्नमालाकाकूंना फोन केला. काकू धावत आल्या आणि दार ढकललं. गुंजनची मान लोंबत होती. बाळ तिच्या कुशीत निपचित पडलं होतं.

"कौशल्या, धाव वं! पोरगी गेली!"

दोघींनी बाळ-बाळंतिणीला ओढत ओसरीवर आणलं. दवाखान्यात दोन दिवस ऑक्सिजन लागला. दोघं वाचली.

घरी आल्यावर सगळ्यांनी देवाला नारळ फोडला. माझ्या सेलची आठवण कुणालाच झाली नाही. जवळच्या चरोदा गावाहून गुंजनची मावशी बघायला आली, मीठ-मिरच्या ओवाळून म्हणाली, "नजर लागली पोरीले. बाई, ते शेगडी देजो मले. सुनेचे दिवस भरले."

फकिराभाऊ इतका वेळ खाली मान घालून बसले होते. ते ताडकन उठले.

"नजर-बिजर काही नाही. तीस वर्ष गॅसमंदी काढले, अन् घरी मीनंच सेल काढला. माझी पोर मीच मारत होतो. शेगडी नाही भेटन!" मग त्यांनी रिमोट उघडला, सेल काढले आणि माझ्यात घातले.

आता ते रोज सकाळी, पूर्वीच्या पहिल्या पाळीच्या वेळी, माझं बटण दाबून मला ओरडायला लावतात. बाळ रडलं तरी चालतं. मित्रांनो, रडणारं बाळ श्वास घेत असतं. मला हात नाहीत, मला खिडकी उघडता येत नाही. मी नुसता ओरडू शकतो. माझा आवाज आवडला नाही तर मला शिव्या द्या, पण आधी बाळाला घेऊन बाहेर पळा.