तळाचं बोटभर

पलीकडच्या माणसाबद्दल चार चांगले शब्द बोलायची वेळ माझ्यावर येईल, असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला आमच्या बाटल्या धुवायच्या हौदात बुडवलं असतं. पण आली वेळ. आणि बोलते आहे ते अगदी मनापासून, कारण त्या बाईंचे उपकार माझ्याच्याने फिटायचे नाहीत.

पलीकडचं म्हणजे नदीच्या पलीकडचं. मध्ये एक पूल आहे. अलीकडे आमचा बिअरचा छोटा कारखाना, पलीकडे त्यांचा. आमची बिअर तपकिरी, कडवट आणि जरा गढूळ. त्यांची पिवळीधमक आणि इतकी नितळ, की भरल्या ग्लासातून पेपर वाचावा. आमचे लोक म्हणतात, ती बिअर नव्हेच, बिअरचा ग्लास विसळलेलं पाणी आहे. त्यांचे लोक म्हणतात, आमची बिअर पीत नाहीत, चावतात. माझ्या बाबांनी तिथल्या मालकीणबाईंचं नाव ठेवलं होतं ‘गाळणी’. बाईंनी बाबांचं ठेवलं होतं ‘गढूळराव’. दोन्ही नावं दोन्ही काठांवर इतकी रुळली, की खरी नावं फक्त विजेच्या बिलावर उरली.

दरवर्षी पुलावर टेबलं मांडून कोणाची बिअर सरस याचा सामना होतो. त्याच्या आधी दोघांनी एकमेकांना एकेक क्रेट पाठवायचा असतो. ज्याला नावं ठेवायची ते चाखलेलं तरी असावं, एवढी माणुसकी दोन्हीकडे आहे. पण पलीकडची बाटली संपवायची मात्र नाही. तळाशी बोटभर ठेवायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी बाटली समोर ठेवून द्यायची. म्हणजे, याच्यापुढे घशाखाली उतरत नाही बुवा. बाबा तर उरलेलं खरंच बोटभर आहे ना, हे बोट लावून बघायचे.

आता यीस्टबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दह्याला विरजण तसं बिअरला यीस्ट. माल्टच्या, म्हणजे मोड आणून भाजलेल्या जवाच्या, गोड पाण्यात ते घातलं की टाकी फसफसायला लागते, आणि काम झालं की यीस्ट तळाशी बसतं. तो गाळ काढायचा आणि पुढच्या टाकीत घालायचा. आमचं यीस्ट बाबांना त्यांच्या आईकडून आलेलं. ती घरच्या घरी बिअर करायची, आणि बाबांनी कारखाना काढला तेव्हा तिने त्यांना एक बरणी दिली. दुसरं काही द्यायला तिच्याकडे नव्हतं. आमच्या बिअरला पिकल्या नाशपातीचा जो वास येतो, तो सगळा त्या बरणीतला.

माझा धाकटा भाऊ मात्र नव्या जमान्याचा. त्याने काकडीची बिअर काढली, कॉफीची काढली, भाजलेल्या बीटची काढली. बीटची बिअर पिऊन एक गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी घाबरून डॉक्टरकडे गेलं. बाबांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या, पण तरुण पोरं धाकट्याच्या बाटल्यांवर तुटून पडत होती, त्यामुळे त्यांना तोंड उघडता येत नव्हतं. धाकट्याने एक शहाणपणा केला होता. त्याची टाकी वेगळी आणि यीस्टही वेगळं, बाजारातून आणलेलं, पुडीतलं. बाबांचं तो वापरत नव्हता.

बाबांना नेमकं तेच लागलं. आजीचं यीस्ट घरात असताना पोरगा पुड्या फोडतो! एकदा धाकटा आलुबुखारची बिअर करत होता. पिकलेली फळं चिरून टाकीत टाकली आणि काहीतरी आणायला बाहेर गेला. तेवढ्यात बाबांनी त्याच्या पुड्या कचऱ्यात टाकल्या आणि आपलं यीस्ट टाकीत ओतलं. बिअर झाली, छान झाली. बाबा आठवडाभर मिशीत हसत फिरत होते. आणि मग त्यांनी आयुष्यभर केलं तेच केलं. त्या टाकीच्या तळाचा गाळ काढला, आपल्या मोठ्या टाकीत घातला, आणि फ्रिजमधल्या राखीव बरण्याही त्याच ताज्या गाळाने भरून ठेवल्या.

फळांच्या सालीवर काय काय जंतू बसलेले असतात, ते गाळाबरोबर सगळीकडे गेले. मोठी टाकी नासली. भिजलेल्या सतरंजीचा वास यायला लागला. त्यानंतरची टाकी नासली. राखीव बरण्यांची झाकणं उघडली तर तिथेही तीच सतरंजी.

मी दोघांनाही फाडून खाल्लं. धाकट्याला फळं न उकळता टाकल्याबद्दल, बाबांना लहान पोरासारखा हट्ट केल्याबद्दल. धाकटा ऐकता ऐकता टाकी घासत राहिला. बाबांनी मात्र मान वर केली आणि म्हणाले, “आईनं एवढंच दिलं होतं गं. तेवढंही मला सांभाळता आलं नाही.”

बाबा जिना चढून वर घरात गेले आणि खाली यायचे बंद झाले. कारखान्यात पाऊल टाकेनात. जेवायला बसायचे आणि पोळीचा एकच तुकडा फिरवत राहायचे. धाकटा म्हणाला, “बाबा, पुडीतलं वापरून सुरू तरी करू.” बाबा म्हणाले, “कर तू. चांगलंच करशील. पण आपलं नाव नको लावू त्याला.” चिडून नाही, साध्या आवाजात. बाबा चिडत नाहीत याचीच मला भीती वाटायला लागली.

आमच्या बाटलीत तळाशी यीस्टचा पातळसा थर असतो. ते जिवंत असेल तर त्यातून पुन्हा वाढवता येतं. म्हणून आम्ही दोघांनी जुन्या बाटल्या शोधायला सगळं गाव पालथं घातलं. पण आमची बिअर फार दिवस टिकत नाही, लोक टिकू देत नाहीत. चार बाटल्या सापडल्या, त्याही दुकानाच्या काचेत उन्हात शेकलेल्या. धाकट्याने त्यातला गाळ गोड पाण्यात घालून उबेला ठेवला, दर तासाला जाऊन बघितलं. एक बुडबुडा आला नाही.

तेव्हा मला सामन्याचा क्रेट आठवला. पलीकडे पाठवलेला. त्यांचं सगळं गार खोलीत असतं. एखादी बाटली न उघडता राहिली असली तर?

“ताई, तू गाळणीकडे जाणार?” धाकट्याचे डोळे पांढरे व्हायचे बाकी होते. “बाबांना कळलं तर?”

“बाबांना आता काय कळायचंय? ते पोळीचा तुकडा फिरवतायत,” म्हटलं आणि पूल ओलांडला.

बाई फाटकाशीच होत्या. गमबूट, डोक्याला रुमाल, हातात पाण्याचा पाइप. मला बघून पाइप खाली ठेवला.

“गढूळरावांची लेक ना तू? काय गं, वाट चुकलीस?”

टोमणा परतवायची सवय आहे मला, पण त्या दिवशी नाही परतवला. मी तिथेच सगळं सांगून टाकलं. आलुबुखार, सतरंजी, बाबा. नदीच्या अलीकडची कुठलीही मुलगी पलीकडच्या बाईसमोर रडली नसेल. मी रडले. “काकू, आमची एखादी बाटली राहिली असेल तर द्या,” म्हटलं. ‘काकू’ कुठून तोंडात आलं देव जाणे.

मला वाटलं, आता हसतील. पुढच्या सामन्यात हे सगळं पुलावर ऐकायला मिळेल. पण बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. रुमालाची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

“बाटली नाही राहिली,” त्या म्हणाल्या. “आत ये.”

गार खोलीत त्यांनी खालच्या फळीवरचे दोन डबे बाजूला केले आणि मागून एक बरणी काढली. तळाला दोन बोटं पांढरट गाळ, वर तपकिरी पाणी. झाकण सैल करून माझ्या नाकाशी धरलं. पिकल्या नाशपातीचा वास! मी दोन्ही हात पुढे केले. बरणी त्यांनीच धरून ठेवली, मला देईनात, पडेल म्हणून.

“आम्ही तळाला बोटभर ठेवतो ना तुमच्या बाटलीत,” त्या माझ्याकडे न बघता सांगायला लागल्या. “पहिल्यांदा घेतलं ते काय आहे बघायला. चोरी म्हण हवं तर. तुमच्यासारखी बिअर काढून बघितली, दोनतीनदा काढली. नाही आली. पाणी वेगळं पडतं. मग म्हटलं ओतून टाकावं मोरीत. नाही टाकवलं बाई. जिवंत होतं ना ते! मग दर महिन्याला थोडं माल्टचं पाणी घालत राहिले, आणि दर सामन्याला नवं बोटभर त्यात पडत राहिलं.”

“आणि कोणाला बोलला नाहीत?”

“काय बोलू? गढूळरावांचं पोर मी सांभाळतेय म्हणून?” मग एकदम आवाज चढवला. “आणि तुझ्या भावाला सांग, फळं उकळून घालायची असतात! माझ्याकडेही पुतण्या आहे. परवा टरबुजाची काढली त्याने. गुलाबी! मी काय भोगतेय ते माझं मला ठाऊक.”

बरणी त्यांनी टॉवेलात गुंडाळली, वर आपली लोकरी टोपी चढवली आणि माझ्या हातात दिली. अर्धं यीस्ट आधीच दुसऱ्या बरणीत काढून आपल्या फळीवर परत ठेवलं होतं. “तुमच्या घरातल्या पुरुषांचा भरवसा नाही,” म्हणाल्या. मी पुलावरून इतकी सावकाश चालत आले की मागून येणाऱ्या सायकलवाल्याने शिवी दिली.

पुढचं सगळं धाकट्याने केलं, आणि त्याचं श्रेय त्याला द्यायला हवं. आधी पेलाभर, मग बादलीभर, मग छोटी टाकी. प्रत्येक भांडं उकळत्या पाण्याने तीनतीनदा धुतलं. आपलं काकडी-बीट सगळं आवरून मागच्या शेडमध्ये नेलं, मधे दार लावलं, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली आपणहून माझ्याकडे आणून दिली. बाबांना आम्ही काही बोललो नव्हतो. नाही जमलं तर त्यांच्यावर दुसऱ्यांदा तो घाव कोण घालणार?

मोठी टाकी भरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी फेस वर आला. मी जिन्याखाली बुचं मोजत बसले होते, तर वरून चपलांचा आवाज आला. वास खिडकीतून वर गेला होता. बाबा बनियनवरच खाली आले, टाकीशी गेले, झाकण उचललं आणि तसेच वाकून उभे राहिले. मग वळले.

“कुठून आणलंस?”

खोटं बोलायचं ठरवलं होतं. जमलं नाही. “पलीकडून.”

“गाळणीकडून?”

“हो. आपल्या बाटल्यांच्या तळाचं त्यांनी वाढवून ठेवलं होतं.”

आता स्फोट होणार म्हणून धाकटा दाराकडे सरकला. बाबा उलट्या घातलेल्या क्रेटवर बसले आणि तोंड दोन्ही हातांनी झाकून रडले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला तर म्हणाले, “काही नाही गं. बरं वाटलं. लई बरं वाटलं.”

त्याच दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट काढला. मला म्हणाले, चल. सामना सोडला तर बाबांनी तो पूल कधी ओलांडला नव्हता, आणि सामनासुद्धा पुलाच्या मधोमधच असतो. वाटेत काय बोलायचं ते ओठांतल्या ओठांत घोकत होते.

बाई अंगणच धूत होत्या. बाबा समोर जाऊन उभे राहिले आणि घोकलेलं सगळं विसरले.

“तुमच्या पाण्याला जोर नाही,” ते म्हणाले.

मी कपाळावर हात मारून घेतला.

“तुमच्याकडे पाणी आहे का तरी?” बाई म्हणाल्या.

पाण्याचा ओहोळ बाबांच्या बुटांखालून गेला तरी त्यांनी पाय हलवला नाही.

“ते माझ्या आईचं होतं,” बाबा म्हणाले. “माझ्या हातून गेलं. तुम्ही ठेवलंत. मी... तुमचे फार...”

बाईंनी नळ बंद केला. हात पुसले. इतक्या वर्षांत मी त्यांचा इतका मवाळ आवाज ऐकला नव्हता.

“आईचं होतं हे मला ठाऊक नव्हतं हो,” त्या म्हणाल्या. “मला आपलं एवढंच ठाऊक होतं, की चांगलं आहे.”

आम्ही निघालो. अर्ध्या पुलावर आल्यावर ते कठड्याला हात लावून थांबले.

“चांगलं म्हणाली ती.”

“ऐकलं मी, बाबा.”

“सामन्यात असं नाही म्हणायची कधी.”

“छे! जीव गेला तरी नाही म्हणायच्या.”

“नाही तर नाही,” बाबा म्हणाले. नाक ओढलं, शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि माझ्या पुढे झपाझप घराकडे चालायला लागले.